चंद्राखालून गेलेला वॉश

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चौदाच्या चौदा फोटो मोठे करून बघितले. उत्तराला उशीर झाला, कारण मी जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करतो, पावसाळ्यात आमच्याकडे बुरशी लागलेल्या कागदांची रांग लागते आणि मान वर करायला वेळ मिळत नाही.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई इंग्लंडात केंटमध्ये राहतात, तिथल्या कार बूट सेलमध्ये (आपल्या जुन्या बाजाराचा साहेबी अवतार) त्यांनी ४० पौंडांना फ्रेमसकट एक चित्र घेतलं. साधारण सात बाय साडेदहा इंच, तपकिरी शाईच्या पेनाच्या रेषा आणि त्यावर पातळ वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा ब्रशने दिलेला थर). गवताची गंजी, धान्याचं कोठार, दोन भली मोठी झाडं, मागे टेकडीचा उतार आणि वर पूर्ण चंद्र. पाठीमागे पेन्सिलीने 'एस. पामर, शोरहॅम, १८३०'. विकणारा म्हणाला सेपिया (एक जुनी तपकिरी शाई) आहे, खूप जुनं आहे, तपकिरी झालंय बघा. ताईंचे प्रश्न तीन: हे खरंच सॅम्युअल पामर या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराचं आहे का, ठिपके पडलेत ते धुवून घेऊ का, आणि डिसेंबरात पुण्याला येताना बरोबर आणू का.

शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देतो म्हणजे कोणी घाईत काही करायला नको: धुवू नका आणि आणू नका. का ते खाली येईलच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, पामर असण्याची शक्यता मला जवळजवळ शून्य वाटते. पण चित्र टाकाऊ अजिबात नाहीये, आणि हे मी नावावरून किंवा पेन्सिलीच्या अक्षरावरून सांगत नाहीये, वॉशवरून सांगतोय. लोक अशा चित्रात आधी सही बघतात, मग रेषा बघतात, मग पाठीमागचं काय लिहिलंय ते वाचतात, वॉशकडे कोणी बघतच नाही. माझं सत्तावीस वर्षांत उलटं झालंय. रेषेची नक्कल होते, सही तर कोणीही करतं, पण वॉश म्हणजे पाणी आहे, आणि ते पाणी ज्या दिवशी कागदावर पडलं त्या दिवशी तो कागद कसा होता, नवा होता की जुना, धड होता की फाटलेला, ते सगळं त्या डागात सुकून बसतं. काढणाऱ्याला त्यातलं काही लपवायचं असलं तरी ते त्याच्या हातात नसतं.

वॉश म्हणजे काय हे ज्यांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलीये त्यांना सांगायला नको. बोर्ड जरा तिरका धरायचा, ब्रश भरून वरून एक आडवी पट्टी ओढायची, खालच्या कडेला पाण्याचा एक लांबट थेंब जमतो, तो थेंब मोडू न देता पुढच्या पट्टीत खाली खाली आणायचा. थांबलात की रेघ पडली, मागे फिरलात की चिखल झाला. आणि यात पांढरा रंग नसतो, पांढरं म्हणजे कोरा राखून ठेवलेला कागद. म्हणजे चंद्र काढायचा तर चंद्र काढायचाच नाही, त्याच्या भोवतीचं आकाश काढायचं.

आता तुमचा फोटो नंबर ६ उघडा आणि चंद्राची कड बघा. राखून ठेवलेला चंद्र असता तर कडेने एक बारीक गडद रेघ दिसली असती, चहाच्या कपाखालचं पाणी टेबलावर सुकलं की कसं गोल कडं उमटतं तशी, कारण वॉशमधला रंग पाणी सुकताना कडेकडे वाहत जातो. तुमच्याकडे ती रेघ नाही. आकाशाचा वॉश चंद्राच्या खालून सरळ गेलाय, ब्रशचा एक ओघ डावीकडून आत शिरतो आणि उजवीकडून तसाच बाहेर पडतो, आणि त्याच्यावर नंतर पांढरा रंग ठेवलाय, चांगला जाडसर. घड्याळाच्या चारच्या जागेवर एक टवका उडालाय आणि त्यातून खालचं तपकिरी आकाश डोकावतंय. फोटो जरा हललाय पण तेवढं नक्की दिसतंय.

मग प्रश्न येतो की हा पांढरा कुठला. १८३० साली कागदावर वापरायचा पांढरा म्हणजे बहुतेक एक तर खडू किंवा सफेदा, शिशाचा. शिशाच्या पांढऱ्याची गंमत अशी की तेलरंगात तेलाचं कवच असतं म्हणून तो टिकतो, पण कागदावर नुसत्या डिंकात असला की हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळा पडतो, आणि त्या काळातली इंग्लंडातली घरं म्हणजे कोळशाच्या शेगड्या आणि नंतर गॅसचे दिवे. म्हणून जुन्या ड्रॉइंगमध्ये कधीकधी माणसाच्या नाकावर किंवा ढगाच्या कडेला विचित्र काळा डाग दिसतो, तो मुळात उजेड दाखवायला ठेवलेला पांढरा ठिपका असतो. जस्ताचा पांढरा, जो काळा पडत नाही, तो जलरंगात 'चायनीज व्हाइट' नावाने विन्सर अँड न्यूटन या रंगवाल्या कंपनीने १८३४ मध्ये बाजारात आणला. आणि आपण आज वापरतो तो टायटॅनियमचा पांढरा रंगाच्या दुकानात आला तो १९२० च्या आसपास.

तुमचा चंद्र आजही दुधासारखा आहे. म्हणजे शिसं बहुतेक नाही. जस्त असेल तर १८३४ नंतरचा, टायटॅनियम असेल तर गेल्या शंभरेक वर्षांतला, आणि पाठीमागे लिहिलंय १८३०. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळतो, ३६५ नॅनोमीटर लिहिलेला घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा आणि दोन-चार सेकंद मारून बघा (डोळ्यात मारून घेऊ नका). जस्ताचा पांढरा पिवळट-हिरवट उजळतो, टायटॅनियमचा गडद जांभळट आणि मेल्यासारखा दिसतो. आता एक पळवाट राहते, की चित्र जुनं असेल आणि चंद्र मागाहून कोणीतरी चढवला असेल, दुकानदार लोक असले उद्योग करतात. पण मग खाली मूळ चंद्राची राखलेली गोल जागा दिसायला हवी होती, आणि टवक्यातून तर आकाश दिसतंय.

एक चांगली गोष्ट, हे छापील नाहीये. ही शंका आधी फेडून घ्यावीच लागते, कारण अ‍ॅक्वाटिंट नावाचा छपाईचा प्रकार वॉशची इतकी हुबेहूब नक्कल करतो की भलेभले फसतात. आपल्याकडे डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांची भारतातली दृश्यं भिंतीवर लावलेली असतात, तीही अ‍ॅक्वाटिंटच, पण घरचे लोक त्याला 'ओरिजिनल पेंटिंग' म्हणतात. दहापट भिंगाखाली अ‍ॅक्वाटिंटमध्ये राळेच्या पुडीची बारीक जाळी दिसते, वाळलेल्या तळ्यातल्या चिखलाला भेगा पडतात तशी. तुमच्या क्लोजअपमध्ये जाळी नाही, ब्रशचे केस ओढल्याच्या खुणा आहेत, आणि झाडाच्या बुंध्यावर रेषा कापून वॉश पुढे गेलाय. हाताचं काम आहे.

आता तपकिरी रंगाबद्दल, कारण विकणाऱ्याचा सगळा भर त्याच्यावर होता. तपकिरी म्हणजे जुनं हे डोक्यातून काढून टाका. एकोणिसाव्या शतकात लोक मुद्दाम तपकिरीत काढायचे, नव्या कोऱ्या चित्राचा रंगच तो असायचा. त्यात सेपिया म्हणजे कटलफिशची शाई, ज्याचं हाड आपण समुद्रफेस म्हणून ओळखतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतो तो प्राणी, अठराव्या शतकाच्या अखेरीला युरोपात तिची फॅशन आली. त्याआधीचं बिस्टर म्हणजे लाकडाच्या धुराची काजळी, बीचच्या लाकडाची चांगली समजायचे, ती पाण्यात उकळून गाळून घ्यायची, आपल्या आजीच्या चुलीमागच्या भिंतीवर चिकट पिवळट-तपकिरी थर बसायचा ना, तेच ते. आणि तिसरी म्हणजे साधी लिहायची शाई, मायफळ आणि हिराकस. हो, बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. त्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड मिळून शाई होते, ती लिहिताना फिकी, दोन दिवसांत काळी, आणि पन्नास-शंभर वर्षांत तपकिरी. म्हणजे आज तपकिरी दिसणारी कितीतरी चित्रं काढणाऱ्याने काळी म्हणून काढली होती.

नुसत्या डोळ्यांनी सेपिया की बिस्टर हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा. आता चांगली संग्रहालयंसुद्धा बऱ्याचदा 'तपकिरी शाई, तपकिरी वॉश' एवढंच लिहितात आणि गप्प बसतात. तुमच्या चित्रात मात्र एक खूण आहे. फोटो ९, पाठीची बाजू, तिथे झाडाच्या बुंध्याच्या जागी रेषा कागदातून आरपार उमटल्यात, गंजल्यासारख्या. हे लोखंडाच्या शाईचं लक्षण, ती आम्लधर्मी असते आणि हळूहळू कागद खाते, जास्तच झालं तर रेषेच्या जागी चीर पडते. पण याने वय ठरत नाही, ती शाई विसाव्या शतकातही दौतीत होतीच. वॉश दुसऱ्या कशाचा तरी आहे, तो पाठीमागे उमटलेला नाही.

कागदावर येतो. फोटो ११ मध्ये तुम्ही तो खिडकीच्या काचेला लावलाय (पुन्हा असं करू नका, काच दमट असते), डाव्या कडेला वॉटरमार्कची शेवटची चार अक्षरं दिसतात, म्हणजे 'व्हॉटमन'चा शेवट. हे बघून तुम्ही खूश झालात आणि ते बरोबरच आहे, जेम्स व्हॉटमनची गिरणी केंटमध्येच, मेडस्टोनला, आणि १७५० च्या दशकात विणीच्या रेघा न दिसणारा गुळगुळीत कागद पहिल्यांदा त्याच्याकडे झाला. जलरंगवाल्यांचा तो लाडका कागद, चिंध्यांपासून केलेला आणि वरून सरसाचं पाणी दिलेला. १७९४ च्या कायद्यानंतर वॉटरमार्कमध्ये वर्ष टाकायची पद्धत पडली, तुमच्यात ते कापलं गेलंय. समजा असतं आणि १८२८ असतं, तरी त्याचा अर्थ इतकाच की चित्र १८२८ च्या आधीचं नाही. नंतरचं कितीही असू शकतं. जुन्या वह्यांची, हिशेबाच्या चोपड्यांची कोरी पानं इंग्लंडात आजही विकत मिळतात, आणि ती नक्की कोण घेतं याचा विचार करा.

पण इथेच वॉश बोलतो. नव्या कागदावर सरस ताजा असतो, पाणी वर तरंगतं, कलाकाराला हलवायला वेळ मिळतो, कडा स्वच्छ येतात. साठ-सत्तर वर्षांनी तो सरस जागोजाग मरतो, विशेषतः जिथे तपकिरी ठिपके पडतात तिथे. अशा कागदावर वॉश मारला की टीपकागदासारखा पिऊन टाकतो. फोटो ४, कोठाराचं छप्पर. वॉश एकसारखा असायला हवा होता पण त्यात सात-आठ गडद चट्टे आहेत, मी एकेक करून पाठीमागच्या फोटोशी ताडून बघितले, त्यातले सहा बरोब्बर ठिपक्यांच्या जागी आहेत. ठिपका वॉशनंतर पडला असता तर तो वॉशच्या वर एक वेगळा गंजासारखा डाग दिसला असता. इथे वॉशच तिथे जास्त मुरलाय, कडा केसाळ झाल्यात. म्हणजे ब्रश फिरला तेव्हा ठिपके तिथे आधीच होते. जुन्या कागदावर नंतर काढलेलं चित्र.

तिसरी गोष्ट खालच्या उजव्या कोपऱ्यातली अर्ध्या इंचाची फाट. तिच्यावरून कुंपणाची एक रेषा जाते. चित्र झाल्यावर कागद फाटला असता तर रेषा दोन तुकड्यांत तुटली असती, आणि फाटीच्या आतले तंतू पांढरे राहिले असते. तुमच्या फाटीत शाई उतरलीये, तंतू तपकिरी झालेत आणि रेषेपासून मिलिमीटरभर आतपर्यंत शाई ओढली गेलीये. फाट आधीची, रेषा नंतरची. चंद्र, छप्पर आणि फाट, तिन्ही एकच गोष्ट सांगतायत.

मग पामरचं नाव का? याचं कारण समजायला तो माणूस जरा माहीत पाहिजे. जन्म १८०५, लंडनचा. १८२४ मध्ये म्हाताऱ्या कवी-चित्रकार विल्यम ब्लेकशी त्याची ओळख झाली आणि पोराचं डोकंच फिरलं (चांगल्या अर्थाने). पुढच्या वर्षी, वयाच्या विशीत, त्याने सहा छोटी तपकिरी चित्रं केली जी आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहेत. नंतर केंटमधल्या शोरहॅम गावात मित्रांसकट जाऊन राहिला, १८३५ च्या सुमारास परत लंडन. त्या शोरहॅमच्या दिवसांतली चित्रं तेव्हा कोणी फारशी विचारली नाहीत, ती त्याच्या बस्त्यातच राहिली. १८८१ ला गेला. १९०९ मध्ये मुलाने बापाच्या कितीतरी वह्या आणि चित्रं जाळून टाकली, लोकांना कळणार नाही, हसतील, असं काहीसं डोक्यात घेऊन. ब्रिटिश म्युझियममध्ये १८२४ ची एक वही बचावलीये. आणि मग १९२६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रदर्शन झालं आणि एकदम सगळ्यांना पामर हवा झाला.

तुम्ही इंग्लंडातच आहात तर ऑक्सफर्डला एकदा जाच. तिथल्या प्रिंट रूममध्ये आधी वेळ घेऊन गेलं की मूळ चित्रं समोर ठेवून बघता येतात, मी दहा वर्षांपूर्वी पाऊण तास एकाच चित्रापुढे बसलो होतो. गव्हाने दाटलेल्या दरीचं आहे ते, १८२५ चं, साधारण १८ बाय २७ सेंटिमीटर. मधोमध शेतात एक दाढीवाला माणूस पुस्तक घेऊन आडवा झालाय आणि मागे वाटोळा चंद्र. लांबून सगळं मऊ मऊ वाटतं, भिंगातून बघितलं तर प्रत्येक ओंबी वेगळी, कुठे टिंब, कुठे स्वल्पविरामासारखी वळलेली रेघ, कुठे नुसती टोचणी, पानांची खूण वेगळी, ढगाची वेगळी. आणि सगळ्यावर डिंक. त्याने सेपियात डिंक कालवलाय आणि वरून व्हार्निश दिलंय, त्यामुळे तिरक्या उजेडात काही भाग काकवीसारखे चकाकतात, आणि दोनशे वर्षांत तो थर आणखी तांबूस झालाय. म्हणजे आपण बघतो तो उबदार रंगही थोडा त्याचा आणि थोडा काळाचा.

तुमच्या चित्रात डिंक नाही. तिरक्या उजेडातल्या फोटोत सगळं मॅट आहे. पानं सगळी एकाच वळणाने काढलीत, इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी, डाव्या झाडावरही तीच आणि उजव्यावरही तीच. आकार मात्र अ‍ॅशमोलियनवाल्या चित्राएवढाच, हे जरा खटकलं.

आता टॉम कीटिंग. हा आमच्याच धंद्यातला, चित्रं दुरुस्त करणारा. १९७६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने बातमी दिली की बाजारात आलेली तेरा पामर संशयास्पद आहेत, सगळी शोरहॅमची, आणि थोड्याच दिवसांत कीटिंगने पत्र लिहून सांगून टाकलं की माझीच. दोन हजारांवर नकली चित्रं केल्याचं तो सांगायचा. १९७९ ला खटला उभा राहिला पण त्याची तब्येत बिघडली म्हणून बंद झाला, नंतर हा गडी टीव्हीवर चित्रकला समजावून सांगायला लागला आणि लोकांना फार आवडायचा. १९८४ ला गेला. ज्या माणसाचं कितीतरी काम जळून गेलंय त्याच्या नावावर काहीही खपवायला जागा असते, 'हे त्या जाळलेल्यांतून वाचलेलं' म्हटलं की झालं.

पण तुमचं चित्र म्हणजे फसवणूकच असं मी म्हणणार नाही. १९२६ नंतर कितीतरी सज्जन चित्रकारांना पामरचं वेड लागलं होतं, कोणी हौसेने जुना कागद वापरून त्याच्या धर्तीवर काढलं असेल आणि मागाहून कोणा विक्रेत्याने पेन्सिल चालवली असेल. पेन्सिलीचं अक्षर ठिपक्यावरून जाताना चकाकतंय, मुरलेलं नाही. माझा अंदाज दोन युद्धांच्या मधला काळ, चंद्रात टायटॅनियम निघालं तर थोडं पुढचाही. आणि हात चांगला आहे हो. मागच्या टेकडीचा उतार बघा, वरून गडद, खाली येईपर्यंत नाहीसा, एका झटक्यात, त्या मेलेल्या सरसाच्या कागदावर. मला जमेलच असं नाही. पामर म्हणून शून्य, चित्र म्हणून ४० पौंडांत स्वस्त.

धुण्याबद्दल माझीच गोष्ट सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, एका काकांनी सह्याद्रीतल्या एका घाटाचं तपकिरी दृश्य आणलं होतं, ईस्ट इंडिया कंपनीच्या कुठल्यातरी इंजिनिअर साहेबाने काढलेलं. या लोकांना अ‍ॅडिसकोंबच्या (कंपनीची इंग्लंडातली लष्करी शाळा) ट्रेनिंगमध्ये ड्रॉइंग सक्तीचं असायचं, तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांची अशी वॉशची दृश्यं आपल्या भागातली बरीच आहेत. ठिपके खूप होते. मी नियमाप्रमाणे थेंब टाकून शाई तपासली, हलली नाही, ट्रेमध्ये सोडलं. मी तपासलं होतं पुढच्या झाडात. मागच्या डोंगराला साहेबाने दुसरा तपकिरी वापरला होता. दोन मिनिटांत ट्रेमधलं पाणी फिक्या चहासारखं झालं आणि दोन डोंगरांपैकी लांबचा गेला, पूर्ण गेला. काकांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, चित्र गुंडाळून घेऊन गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून चित्रात जितके टोन दिसतात तितक्या ठिकाणी थेंब टाकतो, आणि दहातली आठ चित्रं धुतच नाही.

तुमच्या केसमध्ये तर लोखंडाची शाई आहे, ओल लागली की त्यातलं लोखंड आजूबाजूला पसरतं आणि जिथे कागद बरा आहे तिथेही खायला लागतं. ब्लीचबद्दल फ्रेमवाल्याने सुचवलं असं लिहिलंत, त्याला प्रेमाने नाही म्हणा. ठिपके जातात, रेषाही अर्ध्या जातात, कागद ठिसूळ होतो आणि काही वर्षांनी ठिपके परत येतात ते येतातच. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर स्वप्नातही नाही (हे इकडच्या वाचकांसाठी, गेल्या महिन्यात एकाने पणजोबांची सनद लॅमिनेट करून आणली).

करायचं ते एवढंच. आत्ताचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बदला. माउंटमधल्या खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी पट्टा आलाय तो त्या माउंटच्या पुठ्ठ्याच्या आम्लाने आलाय, आणि मागच्या लाकडी फळीची गाठ कागदावर उमटायला लागलीये. आम्लरहित कॉटनचा बोर्ड, चित्र वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगायचं, बाकी मोकळं, काचेला चित्र टेकता कामा नये. हे तिथल्या पेपर कॉन्झर्व्हेटरकडूनच करून घ्या, ब्रिटनमध्ये त्यांच्या संस्थेचं रजिस्टर आहे, त्यात जवळचं नाव मिळेल. फाट आणि ठिपके तसेच राहू द्या, तुमच्या चित्राचा पुरावा तोच आहे. उजेड ५० लक्स, म्हणजे संध्याकाळी दिवाणखान्यात वाचायला जरा कमीच पडेल इतका, आणि वर्षभर लावून ठेवू नका, तीन-चार महिने भिंतीवर, मग पेटीत.

पुण्याला आणायचं नाही ते याच्यासाठी, की डिसेंबरातल्या केंटच्या घरात हीटर चालू, तिथून विमानाचा कोरडेपणा, तिथून इथे, कागद ताणतो आणि आकसतो, शाईने खाल्लेल्या रेषा अशाच वेळी तडकतात. शिवाय शंभर वर्षांवरची कलाकृती आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, परत नेताना कस्टम्सवाल्याला पाठीवरचं १८३० दिसणार, मग तुम्ही त्याला टायटॅनियमचा चंद्र समजावत बसणार. मला तिथूनच फोटो पाठवा.

सध्या ते किचनच्या भिंतीवर आहे असं फोटो १ मध्ये दिसतंय, किटलीच्या बरोबर वर. तिथून आजच उतरवा. मग तीन फोटो हवेत: अंधारात टॉर्चखाली चंद्र, बाजूने उजेड टाकून ती फाट, आणि चंद्रावरच्या टवक्याचा अगदी जवळून एक, मागच्या वेळी नेमका तोच फोकसच्या बाहेर गेलाय.